पदरावरचे आडवे पोपट

भाईदासचा ललित सुरतेत भेस्तानला राहायचा आणि साड्या छापायच्या मिलमध्ये कम्प्युटर चालवायचा. तेव्हा कम्प्युटर नवे नवे आले होते, बरं का. चालवायचा म्हणजे काय, तर त्याने त्या डब्याला असं शिकवलं होतं की एक पोपट काढून दिला की साडीभर पोपट तो डबा आपला आपण मांडायचा. मास्तर नाही, पुस्तक नाही. हे दाब, ते दाब, बिघडलं की परत दाब. बाप मात्र भेटेल त्याला सांगत सुटायचा, "मना पोऱ्या इंजिनेर शे!"

अशातच सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागातल्या लक्ष्मणनानांची योगिता सांगून आली. पाहायला गेले तेव्हा पोरीने हसून पाणी दिलं, तर गडी ग्लास रिकामा झाला तरी पीतच बसला. राहिले नाना. नाना हजीऱ्याच्या कारखान्यात फिटर. कागदावर नकाशा काढल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकू द्यायचे नाहीत.

कुंकवाच्या दिवशी ललितने आपल्याच पोपटांची साडी नेली. पोरगी ती नेसून पाटावर बसली की सोयरीक पक्की. योगिता नेसून आली. निऱ्यांवर पोपट कसे ताठ उभे! पण पदर खांद्यावरून खाली आलेला, त्याच्यावरचे सगळे पोपट आडवे. पडद्यावर साडी सरळ पसरलेली असते; नेसताना पदर वळतो, हे ना डब्याला ठाऊक, ना ललितला.

"थांब, बसू नको," नाना पोरीला म्हणाले. मग ललितकडे वळले. "काय हो इंजिनेर, आधी नकाशा काढला होता का?"

ललितने पदराकडे पाहिलं. "नाही नाना. मी कुठला इंजिनेर? मी आपलं करून बघतो. चुकलं की फिरवतो, नाही जमलं तर परत फिरवतो."

भाईदासने कपाळाला हात लावला.

"अरे, मी असे व्हॉल्व फिरवून फिरवून बघितले तर अख्खा कारखाना उडेल!" नाना म्हणाले.

"नाना, तो कारखाना, ही साडी," योगिता म्हणाली. "पोपट आडवे झाले म्हणून कोण मेलं? रातपाळी करून आलेत बिचारे, निजू द्या."

आणि बसली पाटावर.

बायका खिदळल्या, मग नानांच्याही मिशा हलल्या. पण लग्नाची साडी छापायच्या आधी त्यांनी ललितला समोर बसवून कागदावर साडी नेसलेली बाई काढायला लावलीच. बाईचं डोकं भोपळ्याएवढं झालं, पण पदरावरचे पोपट उभे राहिले.

योगिता मात्र सणासुदीला अजून ते निजलेले पोपटच नेसते.