चुके सरांचा सातवीचा वर्ग

शाळेत त्यांना सगळे चुके सर म्हणत. या नावाचा त्यांना राग तर नव्हताच, उलट मनातून अभिमान होता. ते सातवीला गणित शिकवायचे. वर्गात आल्या आल्या फळ्यावर एक गणित मांडायचे, भराभर सोडवायला लागायचे आणि मध्येच कुठेतरी चक्क चुकायचे. मग खडू ठेवून, हाताची घडी घालून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं वर्गाकडे तोंड करून उभे राहायचे.

दोन क्षण शांतता. मग एक हात वर, मग चार, मग सगळा गोंधळ. "सर, चुकलात! सर, छेदांची बेरीज नाही करायची!"

"कोण म्हणतं? मी म्हणतो करायची. सिद्ध करा."

नुसतं बरोबर उत्तर सांगून त्यांच्याकडे सुटका नसे. चूक का आहे ते सांगायचं, तेही शेवटच्या बाकावरच्याला पटेल असं. त्याला पटलं नाही तर चूक फळ्यावर तशीच राहायची. सुरुवातीची बरीच वर्षं ते चारचौघांसारखे नियम सांगून पाठ करून घेत, आणि पोरं मेणाच्या पुतळ्यांसारखी बसत. एकदा घाईत ते खरंच चुकले, हातच्याचा घोळ झाला, आणि वर्गात हशा पिकला. रागानं वळले तेव्हा त्यांना दिसलं, की आज पहिल्यांदा सगळ्यांचे डोळे फळ्यावर आहेत. तेव्हापासून ते ठरवून चुकू लागले. घरी बसून चुका निवडत. चूक कशी हवी, तर निम्म्या वर्गानं स्वतः केली असती अशी.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, दोन्ही मुठी बाकावर टेकवून उभी राहणारी. सरांनी तिचं नाव वकीलबाई ठेवलं होतं. एकदा सरांनी एक छेद दोन आणि एक छेद तीन यांची बेरीज दोन छेद पाच अशी मांडली, तेव्हा ती म्हणाली, "सर, अर्ध्यात तुम्ही भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं. ही बेरीज आहे की चोरी?"

सर इतके हसले की शेजारच्या वर्गावरच्या विज्ञानाच्या बाई दारात येऊन बघून गेल्या.

पहिल्या सत्रानंतरच्या सुट्टीत, एका सकाळी दाढी करताना, त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. बायकोला हाक मारायला गेले तर तोंडातून भलतंच काहीतरी आलं. ती एका दवाखान्यात नाव नोंदवण्याच्या खिडकीवर काम करायची. अशी माणसं तिनं पाहिली होती, म्हणून वेळ न घालवता तिनं त्यांना रुग्णालयात नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं, उजव्या हातात पेन धरता येऊ लागलं. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं.

घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "सर, शंभरातून सात गेले तर?"

सरांना वाटलं, डॉक्टर थट्टा करतायत. ते हसून उत्तर द्यायला गेले आणि तिथे काहीच नव्हतं. शंभर हा शब्द कळत होता, सात हाही कळत होता, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटत नव्हतं. "थोडा थकलोय," ते म्हणाले.

डॉक्टरांनी बायकोला बाहेर नेऊन सांगितलं, की बाकी सगळं शाबूत आहे, फक्त आकड्यांची जागा दुखावली आहे. परत येईलही, येणारही नाही.

घरी पाढे म्हणून पाहिले. सगळे घडाघडा आले, अगदी एकोणतीसपर्यंत. बायकोनं आनंदानं विचारलं, "मग सांगा, दोनदा चार किती?" बे चोक आठ ही त्यांच्या जिभेवर नुसती चाल उरली होती, अर्थ पार पुसला गेला होता. आयुष्यभर त्यांनी घोकंपट्टीचा द्वेष केला, आणि शेवटी तेवढीच त्यांच्याजवळ राहिली.

बायकोनं हार मानली नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर चिकटपट्टीनं एक लांब रेघ मारली, तिच्यावर आकडे लिहिले आणि नवऱ्याला चारवर उभं केलं. "आता तीन घरं पुढे या बघू."

ते आले. खाली वाकून वाचलं, "सात."

"शाब्बास!"

"अगं, पोरांशी बोलल्यासारखी बोलू नकोस," ते म्हणाले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं तेव्हा सात कुठच्या कुठे गेला होता. रोज तेच. सकाळी हाताला लागायचं, संध्याकाळपर्यंत निसटायचं.

शाळा सुरू व्हायची वेळ आली. "अहो, सांगून टाका ना मोठ्या बाईंना," बायको म्हणाली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. "दुसरं काहीतरी काम देतील."

"काय सांगू? गणिताच्या मास्तरला गणित येत नाही म्हणून? येईल परत. वर्गात उभा राहिलो की येईल."

आणि ते गेले.

पहिल्या तासाला पुस्तकातलं अपूर्णांकांचं गणित त्यांनी हुबेहूब उतरवून काढलं. उतरवणं जमत होतं. मग हाताला जे सुचलं ते खाली लिहिलं. पाठीला घाम फुटला होता. खडू ठेवला, हाताची घडी घातली, वळले.

"सर, चुकलात!"

सगळा वर्ग उसळला. पोरांना वाटलं, आपले सर परत आले. ती धावत फळ्याशी आली, एकमेकांच्या हातातून खडू ओढू लागली, खोडू लागली, भांडू लागली. वकीलबाई मुठी टेकवून उभीच. सर फक्त विचारत राहिले, "असं का? आणि तू काय म्हणतोस? मागचे, पटलं का?" त्यांना खरोखरच काही माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या विचारण्यात नाटक उरलं नव्हतं, आणि पोरांना ते कुठेतरी जाणवत असावं. इतका रंगलेला तास कित्येक वर्षांत झाला नव्हता. मोठ्या बाई खिडकीतून बघून समाधानानं मान डोलवत गेल्या.

पुढचे काही आठवडे असेच निघाले. सरांना रात्री झोप लागायला लागली. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नव्हती. पूर्वी चूक पकडणाऱ्याचं कारण चुकीचं असलं की ते लगेच अडवायचे. आता कुणी ठासून काहीही सांगितलं की मान डोलवायचे. वकीलबाईला ते खटकलं. दोन-तीन दिवस ती नुसती बघत राहिली. मग एके दिवशी उभी राहिली आणि मुद्दाम, जाणूनबुजून, साफ चुकीचं उत्तर दिलं. छेद वेगळे असले तर मोठा छेद ठेवायचा आणि लहान सोडून द्यायचा, म्हणाली.

सर तिच्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "शाब्बास! हे कसं पटकन दिसलं तुला."

ती खाली बसली. चेहरा पांढराफटक पडला होता.

मधल्या सुट्टीत तिनं पुढच्या बाकांवरच्या हुशार मुलामुलींना एका कोपऱ्यात घेतलं. "सरांना बरं नाहीये. त्यांना खरंच येत नाहीये. आपण ओरडतो ना, तेव्हा त्यांना किती लागत असेल. आता कुणी चुका काढायच्या नाहीत. शपथ?"

सगळ्यांनी शपथ घेतली. बारा-तेरा वर्षांची पोरं ती, त्यांना जेवढी माया करता येत होती तेवढी त्यांनी केली.

दुसऱ्या दिवशी सरांनी गणित सोडवलं, वळले, हाताची घडी घातली. वर्ग चिडीचूप. मागचे पुढच्यांकडे बघत होते, पुढचे वहीत डोकं घालून होते.

"काय रे? सापडली नाही का?"

वकीलबाई हळूच म्हणाली, "बरोबर आहे सर."

त्यांचा विश्वास बसेना. दुसरं गणित घातलं. पुन्हा बरोबर. तिसरं, तेही बरोबर. त्या दिवशी चुके सर घरी आले ते जवळजवळ धावतच. पायातले बूट न काढता स्वयंपाकघरात गेले. "अगं, ऐकलंस का? आज एकही चूक काढली नाही पोरांनी. एकही! येतंय बघ परत."

बायकोच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिनं विचारायला हवं होतं, दोनदा चार किती म्हणून. पण झटका आल्यापासून नवऱ्याचा असा चेहरा तिनं पाहिला नव्हता. "हो का?" ती म्हणाली. "बरं झालं."

हे असं महिनाभर चाललं. सर आता हाताची घडी घालून थांबेनासे झाले. गणित सोडवायचे, वाचून दाखवायचे, उतरवून घ्या म्हणायचे. घसा साफ करून, पूर्वीच्या ऐटीत.

मग चाचणी झाली. हात अजून थरथरतो असं सांगून सरांनी पेपर विज्ञानाच्या बाईंकडे तपासायला दिले. शाळा सुटल्यावर बाई त्यांच्या वर्गात आल्या, दार लोटून घेतलं आणि गठ्ठा टेबलावर ठेवला.

"सर, अपूर्णांकात निम्म्याहून जास्त वर्ग बुडालाय. बहुतेकांनी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेत. काहींनी मोठा छेद ठेवून लहान सोडून दिलाय. मी मागच्या बाकांवरच्यांना विचारलं, हे कुठून आणलंत. ते म्हणाले, फळ्यावरून."

सर पेपरांकडे बघत होते. ती गणितं त्यांना बरोबरही दिसत नव्हती आणि चूकही दिसत नव्हती.

"पण कुणी काही बोललं नाही," ते म्हणाले. "मी चुकलो असतो तर बोलले असते. माझी पोरं आहेत ती. चूक सोडत नाहीत."

बाईंनी बाहेर थांबलेल्या वकीलबाईला आत बोलावलं. तिला पेपरात सगळ्यात जास्त गुण होते. ती येऊन उभी राहिली आणि काही विचारायच्या आतच रडायला लागली.

"तुला माहीत होतं?" सरांनी विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, सर."

"मला वाटू द्यायचं होतंस गं," ते म्हणाले. "माझं काय जात होतं? ती मागची पोरं, त्यांनी खरं मानलं ना ते." एवढं बोलून ते थांबले. आपण कुणाला बोल लावतोय ते त्यांच्या लक्षात आलं. उठून तिच्याजवळ गेले. "तुझी नाही चूक. माझी आहे. मला येत नाही हे मला ठाऊक होतं." पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. हुंदके देत "सॉरी सर, सॉरी सर" एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या बाईंना सगळं खरं सांगितलं आणि नोकरी सोडली. मोठ्या बाई भल्या होत्या, ग्रंथालयात बसा म्हणाल्या. सर नको म्हणाले. मागच्या बाकांवरच्या पोरांच्या काही पालकांनी येऊन आरडाओरडा केला, आणि तो रास्तच होता. सातवीचं गणित विज्ञानाच्या बाईंकडे गेलं. त्यांच्याकडे आधीच कामाचा डोंगर होता. त्यांनी नियम लिहून दिले आणि पाठ करून घेतले. पोरं पास झाली.

सरांचे आकडे परत आले नाहीत. बायकोनं फरशीवरची पट्टी एक दिवस खरवडून काढली.

काही महिन्यांनी वकीलबाईची आई दवाखान्यात आली, तेव्हा बायकोला खिडकीवर बघून थांबली. "हल्ली वर्गात तोंडच उघडत नाही," ती म्हणाली. "सगळ्या विषयांच्या बाई तेच सांगतात. येत असतं, पण हात वर करत नाही. घरीसुद्धा सगळ्याला हो म्हणते. आधी किती भांडायची."

बायकोनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "मला तिच्याकडे घेऊन चल."

रविवारी दोघं गेले. मुलगी बाहेर आली, नमस्कार केला, समोरच्या खुर्चीवर टोकाला बसली. सरांनी अभ्यासाचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. माझ्यामुळे तू गप्प झालीस, तसं करू नकोस, म्हणाले.

"हो सर," ती म्हणाली.

"खरंच बोलशील ना?"

"हो सर."

आईनं चहा आणला. चहा झाला. मुलगी पायांच्या बोटांकडे बघत होती. निघताना सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिनं तो मुकाट्यानं ठेवू दिला.

रस्त्यात बायको म्हणाली, "लहान आहे. विसरेल."

पुढच्या वर्षी त्या मुलीच्या घरच्यांनी गाव बदललं, आणि ती कुठल्या शाळेत गेली हे सरांना कधी कळलं नाही.