लॉबीतला आंतरराष्ट्रीय खेळाडू

इलायसबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. बहारीनमधल्या हूरा भागातल्या एका इमारतीत आम्ही बरीच वर्षं समोरासमोर राहिलो, पण मला त्याची जी माहिती आहे ती आमच्या लिफ्टमध्ये मावेल, आणि लिफ्ट फार लहान आहे. जास्त माहिती असलेली माणसं आमच्या इथल्या मराठी मंडळात आहेत. त्यांनी लिहायला घेतलं तर इलायसला एखादं ऑलिंपिक पदकही मिळून जाईल, म्हणून भीत भीत मीच लिहितो.

त्याचा जन्म इथलाच, मनामातला. वडील वसईहून इथे हॉस्पिटलात नोकरीला आले होते. इलायस कॉलेजसाठी मुंबईला गेला आणि थोराड अंगामुळे रग्बीत ओढला गेला. भारताचा संघ उभा राहिला तेव्हा त्याची तिशी उलटली होती, पण संघ अगदी नवा होता. माणसं कमी पडत होती म्हणून आपल्याला घेतलं, असं तो सांगे. त्या संघाकडून तो एक आंतरराष्ट्रीय सामना खेळला. मग बहारीनला परत येऊन एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये कांदे आणि टॉवेल सांभाळू लागला.

यंदा त्याला साठ पूर्ण झाली. व्हिसा वाढवायचा की नाही, हे हॉटेलचे मॅनेजर इमाद ठरवणार होते. नाही वाढवला तर इलायसला मायदेशी जावं लागणार होतं. मायदेश म्हणजे वसई. तिथे बहीण लॉरा राहते. तिच्याकडे तो वर्षातून आठ दिवस जाई आणि पोट बिघडवून परत येई.

मंडळाचे अध्यक्ष महादेव यांनी तोडगा काढला. "आपण इलायसचा सत्कार करू. इमादसाहेब प्रमुख पाहुणे. एवढ्या मोठ्या खेळाडूला काढायची कुणाची हिंमत आहे?"

"महादेव, मी एकच मॅच खेळलोय," इलायस म्हणाला.

"ते तू बोलू नकोस. बोलायला मी आहे."

या खेळात चेंडू हाताने फक्त मागे द्यायचा आणि आपण पुढे पळायचं, असं इलायसने मला एकदा समजावलं होतं. मंडळात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ते लगेच समजतं. सत्काराला शाल, नारळ आणि ट्रॉफी होती. रग्बीची ट्रॉफी दुकानात मिळाली नाही, म्हणून षटकार मारणारा सोनेरी फलंदाज आणला होता. महादेवांनी भाषणात इलायसला संघाचा आधारस्तंभ केलं. टाळ्या झाल्या.

अडचण एवढीच झाली, की इमाद इंग्लंडमध्ये शिकलेले निघाले. त्यांना रग्बी येत होतं.

"किती ट्राय केलेत तुम्ही?" त्यांनी विचारलं. गोलसारखं काहीतरी असावं, असा अंदाज करून महादेवांनी त्यांच्या पाठीमागून इलायसला पाच बोटं दाखवली.

इलायसने बोटं पाहिली. "एकही नाही, सर. शेवटी थोडा वेळ आत सोडलं होतं. चेंडू हातात आलाच नाही. आम्ही हरलो."

महादेव खुर्चीत बसले. इमाद मात्र मनापासून हसले. "मला तर कॉलेजात बाहेरच बसवून ठेवायचे," असं म्हणत त्यांनी इलायसला मिठी मारली आणि फोटो काढून घेतला. महादेवांनी धीर करून व्हिसाचं विचारलं. "बघू या," इमाद म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला, बघितलं. पुढच्याच आठवड्यात तो फोटो चौकटीत बसून हॉटेलच्या लॉबीत लागला. खाली लिहिलं होतं, 'आमचे आंतरराष्ट्रीय खेळाडू'. त्याच आठवड्यात इलायसला कळवलं गेलं, की व्हिसा वाढणार नाही, वरून नियम आलाय. फोटोला व्हिसा लागत नाही, तो अजून तिथेच आहे.

"पाच सांगितले असते तर राहिला असतास," महादेव त्याला म्हणाले.

"पाच केले असते तर सांगितले असते," इलायस म्हणाला.

तो निघाला त्या दुपारी टॅक्सी खाली उभी होती. बॅगेच्या वजनात बसत नाही म्हणून फलंदाज त्याने माझ्याकडे दिला. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. 

"गॅस बंद केलास ना?" मी विचारलं.

"केला, भाऊ. तुम्ही आत जा, बाहेर फार गरम आहे."