उजवीकडून उघडाचं पुस्तक

"वहिनी, शीतल डोये उघडून नाही राह्यली..." पुन्यावरून तिच्या रूममधल्या पोरीचा फोन, अन् माहे हात भाकरीच्या पिठात. आत्याबाईनं, मंजे माह्या सासूनं, चुलीजवळून इचारलं, "कोनाचा फोन व?" मी म्हनलं, "मोबाइल कंपनीचा." चार दिवसांपासून तोंडातून तेच निंघून राह्यलं होतं. घंटाभरानं दुसरा फोन आला, तो माह्या नवऱ्याले. आमची शीतल, माही ननंद, गेली होती. डेंगू...

महिना झाला. मी नववीपर्यंतच शिकली, चुकलं त समजून घेजा. शीतल पुन्याले जपानी चित्रकथायचा अभ्यास करे. आमच्या कामरगावात हे कोनाले सांगाचं मंजे पंचाईत. आत्याबाई म्हने, "कार्टून पाहाले पुन्याले कायले जा लागते? टीव्ही घरी हाये!" शीतल म्हने, "आई, तू लगनासाठी पोरगा आनशीन त त्याले पह्यले हे वाचाले देजो. पयून नाही गेला त हो म्हन." उन्हाळ्यात आली तवा तिनं मलेबी एक पुस्तक देलं. इंग्रजी मले येत नाही, मी नुसते चित्रं पाह्यले. म्हनलं, "मस्त हाये व! पोरगी पह्यले मरते, मंग दवाखान्यात निजते, मंग शायेत जाते, आखरीले झाडावर चढून फयं खाते." ती पोट धरून हासली. "वहिनी, हे उजवीकडून वाचतेत, तू शेवटाकडून वाचलं!" मंग म्हने, "पन तुहीच गोष्ट बरी हाये. मी अभ्यासात लिहीन हे." माही चूक, अन् तिच्या अभ्यासात!

मंग, जायच्या चार दिवस आंधी, तिचा फोन आला. "वहिनी, ताप हाये. घरी सांगू नोको. आई बोलावून घेईन, परीक्षा बुडीन, अन् लगन लागलंच समज. तुले चिमीची शप्पत." चिमी माही पोरगी, अडीच वर्साची. लेकराची शप्पत मोडली त लेकराले होते, हेच आयकत मोठी झाली मी... चार दिवस चूप राह्यली. रोज इचारो, "बरं वाटते ना?" रोज म्हने, "हो व." अन् ज्यानं शप्पत घातली त्यानंच सोडवा लागते. ते न सोडवताच ती गेली.

आता आत्याबाई रोज इचारते, "तुह्यासंग बोले ना व ती? काईच नोती म्हनली?" मी चिमीच्या कपायाले हात लावून पाह्यतो. कालपासून कोमट लागते, का माहाच हात गरम हाये, समजत नाही. हे पेपरात छापून आलं त शेजारची कोनीतरी आत्याबाईले वाचून दाखवीनच... मंजे आज मी शप्पत मोडलीच.

ते पुस्तक फडताळात पिठाच्या डब्याजवळ हाये. चिमी त्याले उजवीकडूनच उघडते, शीतल आत्यानं शिकवलं तसं. मी तिच्या हातातून घेतो, उलटं करतो, माह्या बाजूनं पाह्यतो. पोरगी खाटेवरून उठते, शायेत जाते, झाडावर चढते... चिमी वरडते, "असं नाई, आई!"

तुमी सांगा, तुमच्या मांडीवर लेकरू असतं, अन् त्याचीच शप्पत असती, त तुमी सांगतलं असतं काय?