पांडूची गाठ

साल दोन हजार चोवीस, जून महिना. मासेमारी बंद, होड्या आगरदांड्याच्या किनाऱ्यावर ओढलेल्या. माणसं रिकामी बसली की किस्से साचतात. त्या पावसाळ्यात आमचे साचले ते माझ्या भाच्यामुळे, पांडूमुळे. मी तांडेल, म्हणजे होडी हाकणारा; तो माझ्याच होडीवर खलाशी.

*

जाळं शिवता शिवता पांडू आडवा झाला. हातपाय झाडायला लागला.

"फिट आली! चप्पल हुंगवा!" बाळू खलाशाने माझीच चप्पल उचलली.

पांडूने डोळे उघडले. "मामा, पाय धुवत जा!"

सगळे हसले. मी हसलो नाही. त्याला दवाखान्यात नेलं, स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली.

*

मुंबईला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला गाठ होती?"

"मला हाय!" बाळूने शर्ट वर करून पाठ दाखवली.

"तुम्ही यांचे कोण?"

"एका होडीवरचे!"

बाई म्हणाल्या, "अशी गाठ सहसा आईबापाकडून येत नाही. पेशीतला जीन पुढे कधीतरी बदलतो."

बाळू शर्ट खाली घेईना. "आता वर केलाच हाय, तर बघून घ्या!"

*

ऑपरेशन पांडूला जागं ठेवून केलं. बोलण्याच्या जागेला धक्का नको, म्हणून त्याला बोलतं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच सांगितलं. जाळं ओढताना ओरडतो तसा हा ओरडत होता, "ओढा रे, ओढा! लावा जोर!"

"शेवटी मी म्हटलं, पांडुरंग, बोलत राहा, पण दुसरं काहीतरी बोला!"

*

गाठीचा तुकडा तपासायला गेला. जीनचा रिपोर्ट काही येईना. मला बसवेना, जेवण जाईना. अंगणात नुसत्या येरझाऱ्या.

पांडूची आई म्हणाली, "दादा, बस ना. अंगणात चर पडला!"

"पडू दे."

*

रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या, "वय कमी आहे. गाठ जवळजवळ सगळी निघाली. जीनमधला बदलही त्यातल्या त्यात चांगला आहे, तो असलेली माणसं जास्त वर्षं काढतात. पण खात्री देत नाही. औषध, रेडिएशन चुकवायचं नाही."

पांडूने एकच विचारलं, "दर्यावर कधी?"

"फिट येणं थांबेपर्यंत नाव काढायचं नाही!"

गावी आलो तर प्रत्येकाने नवस बोलून ठेवलेला, आणि फेडायचा पांडूने! बाळूने त्याला हरिहरेश्वरापर्यंत अनवाणी चालायला लावलेलं. आईने डोकं भादरायचं कबूल केलेलं.

"डोकं डॉक्टरांनीच भादरलंय, तेच धरा!" पांडू माझ्याकडे वळला. "मामा, तुमच्या नवसात मी काय करू?"

"काय न्हाय. माझा मी फेडीन."

बाप गेल्यापासून माझ्या होडीचं सुकाणू मी कुणाच्या हाती दिलेलं नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ दर्यात सोडला. सगळ्यांच्या होड्या निघाल्या. आमची जेट्टीला बांधलेली.

"तांडेल, दोर सोडू?" बाळू म्हणाला.

"सोडायचा न्हाय."

पांडूला हात धरून होडीत घेतलं. मागे बसवलं. सुकाणू त्याच्या हातात दिलं.

त्याने सुकाणू हलवून पाहिलं. मग म्हणाला, "कुठं नेऊ, मामा?"

"तू तांडेल. तू सांग."

"समोर, दिघीला!"

मी पुढे जाऊन खलाशाच्या जागेवर बसलो. नवस फिटला.