मालिकेच्या वेळेतली नावं

रायपूरच्या एका केबलवाल्याच्या लोकल चॅनलवर मी शहराच्या बातम्या वाचायचे. पेशा शिकवण्याचा. सकाळी एका खासगी शाळेत हिंदी शिकवायची आणि संध्याकाळी चॅनलवर जाऊन पंधरा मिनिटं सांगायचं, की कुठल्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, नळ आले नाहीत आणि कुठला रस्ता खोदून ठेवला आहे. बाकी संध्याकाळ मुंबईच्या एका मोठ्या कंपनीकडून घेतलेल्या मालिकांची असे, सात ते नऊ. लोक आमचं चॅनल लावायचे ते त्या मालिकांसाठी, हे मला ठाऊक होतं. माझी आईसुद्धा त्यातलीच. माझ्या बातम्या संपायची ती वाट बघायची.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये मुंबईचं शूटिंग बंद पडलं आणि कंपनी जुनेच भाग पुन्हा पाठवू लागली. आठवड्याभरात आमच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे भैयाच म्हणायचो, ठरवलं की हे दोन तास आपणच भरायचे. पहिल्या दिवशी लोकांनी फोन करून शिव्या दिल्या. आईनेही घरी मला विचारलं, "माही मालिका काहून बंद केली तुमी?" पण मग सवय झाली. दहावीचे धडे मी शिकवले. पुरानी बस्तीतल्या देवळांच्या आरत्या आम्ही रिकाम्या गाभाऱ्यातून दाखवल्या. एक तबल्याचे गुरुजी घरच्या गच्चीवरून वाजवायचे. बायका फोनवरून पदार्थ सांगायच्या. आईने एकदा बेसनाची ठेठरी कशी खुसखुशीत करायची ते सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं आपल्या घरच्या मराठीत, आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने तिला ओळखलं. त्या वर्षी मला वाटलं होतं की आम्ही काहीतरी चांगलं करतो आहोत.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये शहर पुन्हा बंद झालं. तेव्हाचं काही नीट क्रमाने आठवत नाही. एवढं आठवतं की कोणीतरी चॅनलच्या नंबरवर वडिलांचा फोटो पाठवला आणि लिहिलं, घरी कोणी येऊ शकत नाही, निदान ओळखीच्यांना कळावं म्हणून दाखवा. आम्ही दाखवला. दुसऱ्या दिवशी असे चार फोटो आले. मग भैयांनी सातचे दोन तास त्यालाच दिले. धडे गेले, आरत्या गेल्या, तबला गेला. मी बसून नावं वाचायचे: नाव, वय, पारा किंवा गाव, आणि शेवटी हिंदीत तेच वाक्य, 'हमारे बीच नहीं रहे'. बाजूला फोटो यायचा. सुरुवातीला एका कागदावर मावणारी यादी काही दिवसांत कित्येक कागदांवर गेली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मी वाचली. आमच्या गल्लीतले शिंपी वाचले. घरी आले की बायका दारातून विचारायच्या, आज कोण, आणि मला सांगता यायचं नाही, कारण वाचलेलं काही डोक्यात राहतच नसे.

आई हा कार्यक्रम पूर्ण बघायची. मी नको म्हणायचे. ती म्हणायची, कोणी गेलं तर आपल्याला माहीत असावं.

तिचा एकच भाऊ, माझा मामा, अभनपूरला राहायचा. कृषी खात्यातून निवृत्त झालेला, बायको आधीच गेलेली, एक मुलगा. आईपेक्षा सात वर्षांनी लहान. आजी अंथरुणाला खिळली होती, म्हणून आईनेच त्याला कडेवर वाढवलं. त्याच्या गावात आमचं केबल जात नव्हतं. मग आई सातला त्याला फोन लावायची आणि फोन टीव्हीसमोर धरून ठेवायची, भाचीचा आवाज त्याला ऐकू यावा म्हणून. नावं वाचायला लागल्यावर त्यानेच एक दिवस सांगितलं, "ताई, आता नको लावू. पोट्टीचा आवाज ऐकवत नाही."

एप्रिलच्या मध्यात मामाला ताप आला. मामेभावाने दोन दिवस वणवण करून रायपूरच्या एका दवाखान्यात खाट मिळवली. मी रोज त्याच्याशी बोलायचे. पहिल्या दिवशी ठीक होतं. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन टिकेना. तिसऱ्या दिवशी मामाला मशीनवर ठेवलं. हे मी आईला सांगितलं नाही. ती स्वतः नुकतीच आजारातून उठली होती, दोन पावलं चालली की धाप लागायची. मी सांगायचे, मामा जेवला, मामा दोन शब्द बोलला, तुझी चौकशी केली. ती म्हणायची, "हाव, बरं हाय मंग," आणि पुन्हा टीव्हीकडे बघायची.

चौथ्या दिवशी मी दुपारीच चॅनलवर गेले. शाळेच्या मुलांसाठी थोडे धडे रेकॉर्ड करून ठेवायचे होते. स्टुडिओ म्हणजे एका जुन्या गोदामाच्या वरची खोली, भिंतीला गाद्या ठोकलेली. मोबाईलची खरखर माईकमध्ये येते म्हणून फोन बंद करून बाहेर एका टोपलीत ठेवायचे असत. तीन वाजता मी फोन ठेवला. धडे लांबले. साडेसहाला कॅमेरामनने चहा आणून दिला, तो मी तिथेच प्याले. मग नावांचे कागद आले आणि सात वाजले.

कागद एक ताई तयार करायच्या. खालच्या खोलीत तीन फोन समोर घेऊन त्या दिवसभर बसायच्या आणि आलेल्या संदेशांतून नाव, वय, ठिकाण उतरवून घ्यायच्या. फोटो कॅमेरामन लावायचा. मी आधी वाचून बघत नसे. एक तर वेळ नसे, आणि खरं सांगायचं तर आधी वाचले असते तर पुन्हा वाचायला बसता आलं नसतं.

तिसऱ्या कागदावर, वरून दुसरं नाव. मी ते वाचलं. वय वाचलं. अभनपूर वाचलं. 'हमारे बीच नहीं रहे' म्हटलं.

मामाचं पूर्ण नाव मी आयुष्यात कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. आमच्यासाठी तो मामा, आईसाठी भाऊ. नाव, बापाचं नाव, आडनाव असा तो फक्त लग्नपत्रिकांत आणि सरकारी कागदांत असायचा. त्यामुळे माझा आवाज वाक्याच्या शेवटाला पोचला तेव्हा कुठे मला कळलं की मी काय वाचलं. मी समोरच्या छोट्या टीव्हीकडे बघितलं. मामाचा फोटो होता. माझ्या मुलीच्या बारशाला मीच काढलेला, ग्रुपमधून कापून घेतलेला. त्याच्या डाव्या बाजूला एका बाईचा खांदा आणि हिरव्या पातळाचा काठ तेवढा राहून गेला होता. ती आई होती.

मी किती वेळ थांबले ते मला माहीत नाही. कॅमेरामन नंतर म्हणाला, बराच वेळ. तो काचेमागून हात हलवत होता. मला आई दिसत होती, आमच्या बैठकीत, पलंगाच्या कडेला, टीव्हीकडे तोंड करून. उठून पळावंसं वाटलं. त्याऐवजी मी पुढचं नाव वाचलं. मग त्याच्या पुढचं. सगळे कागद वाचले. रडले नाही, आवाजही कातर झाला नाही. त्या गोष्टीचा धक्का मला आजही मामाच्या जाण्याइतकाच बसलेला आहे.

बाहेर टोपलीतला फोन सुरू केला तर मामेभावाचे पुष्कळ कॉल येऊन गेल्याचे संदेश. त्याला लावला. तो हिंदीतच बोलतो. म्हणाला, "दीदी, आपने पढ़ दिया?" कोणीतरी त्याला लगेच कळवलं होतं. मामा अडीचला गेला होता, पण दवाखान्याने त्याला तीननंतर कळवलं. माझा फोन लागेना. घरचा फोन आई उचलते, म्हणून तिकडे त्याने केला नाही. शेवटी त्याने चॅनलच्या नंबरवर संदेश टाकला: अमुक नाव, अमुक वय, अभनपूर, आज गेले, कृपया दीदींना सांगा, त्या बुआला सांभाळून सांगतील. आणि खाली फोटो, कल के कार्यक्रम के लिए. आत्याला तो बुआच म्हणतो.

मी खाली गेले. ताईंनी फोन उघडून दाखवला. संदेश तिथे होता, पूर्ण. त्याच्या वर आणि खाली तसेच असंख्य संदेश. त्यांनी पहिली ओळ उतरवून घेतली होती आणि पुढच्यावर गेल्या होत्या. वाचता वाचता त्यांनी तोंडावर पदर धरला. त्यांचा दीर चार दिवसांपूर्वीच गेला होता. मला त्यांच्यावर रागावताच आलं नाही.

घर पायी दहा मिनिटांवर होतं. रस्त्यात कोणी नव्हतं, नाक्यावर पोलिसाने पास बघितला आणि सोडलं. दारात माझी मुलगी उभी होती. तिने दबक्या आवाजात सांगितलं, "मम्मी, नानी ने देख लिया." फोटो आला तेव्हा आई आधी एवढंच म्हणाली होती, "हे तं माहं पातळ हाय." भाऊ तिला नंतर दिसला. मुलगी टीव्ही बंद करायला उठली तर आईने तिचा हात धरला आणि शेवटच्या नावापर्यंत बसून राहिली.

त्या दिवसांत बाहेरून आलं की आंघोळ केल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही असा नियम होता. मी तशीच न्हाणीत गेले. गार पाणी अंगावर ओतत होते आणि बाहेर आई खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मी बाहेर येईपर्यंत ती तिथेच होती.

"तुले माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाही आई. मले बी कागदावरच दिसलं."

"मंग वाचलं काहून?"

"वाचून झाल्यावर समजलं."

मग म्हणाली, "त्याच्या मांगून तू बाकीचे बी वाचले."

ती मला दोष देत होती की नुसतं सांगत होती, मला कळलं नाही. मी तिच्या पायाशी ओल्या केसांनी बसले. ती रडली नाही. माझ्या केसांवरून टॉवेल फिरवत राहिली, मी शाळेत जायचे तेव्हा फिरवायची तसा, जोरजोरात. मामाला त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या माणसांनी स्मशानात नेलं. मामेभाऊ लांबून उभा होता. आमच्यातलं कोणीच तिथे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. भैयांनी स्वतः वाचलं. तिसऱ्या दिवशी गेले, पण एक अट घालून, की कागद माझ्या हातात चार वाजता यायला हवा. मग मी आणि त्या ताई, दोघी मिळून प्रत्येक घरी फोन करायचो आणि एकच गोष्ट विचारायचो: घर में सबको मालूम है ना? मला वाटलं होतं की हा नुसता उपचार असेल. पण दर दोन-चार फोनांमागे पलीकडचा माणूस फोन घेऊन घराबाहेर जायचा. मग म्हणायचा, नाही, आईला अजून सांगितलेलं नाही. बायको दुसऱ्या वॉर्डात आहे, तिला माहीत नाही. वडील विचारतात, आम्ही म्हणतो दादा बाहेरगावी आहे. दोन दिवस थांबा, आठ दिवस थांबा. ती नावं आम्ही वेगळ्या वहीत ठेवायचो. एक नाव त्या वहीत इतके दिवस राहिलं की ते जिच्यापासून लपवलं होतं, तिचंच नाव एक दिवस आलं. सिलतऱ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्यांच्या मुलाने आईवडिलांचे फोटो एकत्र पाठवले. ते मी वाचले नाहीत. भैयांनी वाचले.

जूनमध्ये यादी आखडली. नवीन भाग आले आणि सात ते नऊ पुन्हा मालिका सुरू झाल्या. पहिल्याच संध्याकाळी काही लोकांचे रागाचे फोन आले, आमचं नाव राहिलं आहे, ते कधी घेणार. राहिलेली नावं मी पुढचे काही दिवस माझ्या पंधरा मिनिटांत, नळ आणि रस्त्यांच्या आधी वाचली.

प्रवासाची मुभा मिळाल्यावर आम्ही अस्थी सोडायला राजिमच्या संगमावर गेलो. मामेभावाने त्या इतके दिवस घरामागच्या झाडाला बांधून ठेवल्या होत्या. नदीला पाणी कमी होतं, रेतीतून बरंच चालावं लागलं, आई दर थोड्या वेळाने थांबत होती. सगळं झाल्यावर मामेभाऊ तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "बुआ, गलती मेरी है. मुझे फोटो उसी दिन नहीं भेजना था."

आई त्याच्याशी हिंदीत बोलायची, पण त्या दिवशी आपल्या भाषेत बोलली. "तू नसतं पाठवलं तं हिनं मले आठ दिवस सांगतलं असतं, का भाऊ जेवला, भाऊ बोलला. मी रोज हाव म्हणत होती. मले का समजत नव्हतं?"

त्याला किती कळलं कोण जाणे. त्याने माझ्याकडे बघितलं. मी वाळूत रुतलेली चप्पल काढायचं निमित्त करून वाकले.

परत येताना ती गाडीत माझ्याच शेजारी बसली. अभनपूरला मामाच्या घराशी उतरायचं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, पुढच्या वेळी. मामा जेवला, मामा बोलला असं मी तिला सांगत राहिले, त्या दिवसांचा विषय नंतरच्या इतक्या वर्षांत तिने कधी काढला नाही, आणि माफी मागायला माझीही जीभ उचलली नाही.