कपाटातले दाणे

सौंसरजवळच्या आमच्या केमिकल कारखान्यात रिअ‍ॅक्टर चालवणारे एक काका आहेत. काहीही सांगितलं की मान हलवतात आणि म्हणतात, "चिठ्ठी लिहून द्या ना, सर." मी तिथला केमिस्ट, आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. मला वाटायचं, ह्यांच्या लक्षात राहत नसेल.

आमचा उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, म्हणजे सिलिकाचे दाणे, त्यांवर आयनिक द्रवाचा पातळ थर; खरं काम करतो तो हा थरच. बॅच झाली की दाणे गाळून, धुऊन पुन्हा वापरतात. काका ते बोटांत चोळून बघतात आणि चिमूटभर बाटलीत भरून आपल्या कपाटात ठेवतात. विकत असतील, असा माझा अंदाज होता.

मागच्या महिन्यात बॅचमधून माल अर्धाच निघाला. मॅनेजर म्हणाले, चूक कोणाची ते शोधा, त्याला घरी पाठवतो. मी सरळ काकांचं कपाट उघडायला लावलं.

प्रत्येक बाटलीवर दाणे कशाने धुतले ते लिहिलं होतं. टोल्युइनचे चिकट होते, मिथेनॉलचे वाळूसारखे कोरडे. मिथेनॉलमध्ये द्रवच निघून गेला होता. आणि टोल्युइनऐवजी आता मिथेनॉल घ्या, हे मीच सांगितलं होतं.

"काका, बोलले का नाही?"

"बोललो ना सर, दाणे कोरडे पडून राहिले म्हणून. तुम्ही म्हणाले, 'कॉलेज कोण शिकलं, तुम्ही का मी?'"

त्यांच्या वरच्या खिशातून माझ्या अक्षरातली मिथेनॉलची चिठ्ठी डोकावत होती.

चूक माझी आहे, असं मी मॅनेजरांना जाऊन सांगितलं. काका दारातच उभे होते. मी गप्प बसलो असतो तर ते बोलले असते का, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला अजून कळलेलं नाही.