मनोहरची पूड आणि माझा खंड्या

मनोहर गेल्याचं कळलं तेव्हा मी पडवीत जाळं सांधत बसलो होतो. बायकोनं आतून सांगितलं, रजनीवहिनींचा फोन होता, सकाळी चहा घेऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी हातातली गाठ पुरी केली, सदरा घातला आणि गेलो. त्याला आता दीड महिना होईल. मी चार यत्ता शिकलेला माणूस. मच्छीमार लाँचवर तीस वर्षं तांडेल होतो, सुकाणू धरलं, पेन नाही. पण मनोहरबद्दल लोक जे बोलतात त्यात एक गोष्ट खोटी आहे, आणि ती माझ्यामुळे खोटी आहे. ती दुसऱ्या कुणी दुरुस्त करण्याआधी मीच केलेली बरी.

मनोहर जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, मारका बैल धरून ठेवणं, हे त्याचं काम. नोकरी संपल्यावर त्यानं घाबरट कुत्र्या-मांजरांसाठी पूड करायला घेतली. रत्नागिरीत आता फ्लॅट झाले. नवराबायको दोघं कामावर जातात, कुत्रा दिवसभर दाराला ओरखडे काढत बसतो. फटाके लागले की कोण पलंगाखाली मुततो, कोण स्वतःचा पाय चावून रक्त काढतो. त्यांच्यासाठी दुकानात झाडपाल्याच्या गोळ्या मिळतात, चकचकीत डब्यातल्या, बिस्किटासारख्या. मनोहर त्या आणून हुंगायचा, डब्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचायचा आणि म्हणायचा, यातलं निम्मं सामान आपल्या काष्ठौषधीवाल्याकडे पडलेलं असतं. ब्राह्मी, अश्वगंधा आणि तगराचं मूळ. वाळवायचं, कुटायचं, फडक्यातून गाळायचं. तगराला घामेजल्या मोज्यासारखा वास... रजनीवहिनींनी मिक्सर स्वयंपाकघरातून बाहेर काढला तो परत आत घेतला नाही. कुत्र्यांनी तोंड लावावं म्हणून वर भाजलेला सुका जवळा, तोही कुटून. आजारी जनावराला मात्र पूड देत नसे. आधी डॉक्टरला दाखवून या म्हणायचा, आणि दाखवलं नसेल तर परत पाठवायचा, मग समोर कोणीही असो.

मला हे सगळं थोतांड वाटायचं आणि मी ते तोंडावर सांगायचो. शेतात उगवलेल्या मुळीनं कुत्र्याचं डोकं थंड होत असेल तर आधी तुझ्या तापट व्याह्याला दे, म्हणायचो. तो हसायचा. मग मांजराचा प्रकार झाला. बंदरावर मासळी विकणाऱ्या सुलभाचं मांजर फटाक्यांना इतकं भ्यायचं की कपाटावरून खाली यायचं नाही. मनोहरनं कुत्र्यांचीच पूड तिला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटी डोक्यावर तशीच ठेवून याच्या दारात. म्हणाली, "मनोहरभाऊ, मांजर शांत व्हायचं होतं ना? ते पुडीवर गडबडा लोळतंय, आणि शेजारची चार पाहुणी आलीयत. माझ्या घरी काय लगीन काढलंत?" आम्ही जाऊन बघितलं. खरंच पाच मांजरं कागदावर तोंडं घासत होती, लाळ गाळत होती. कुत्र्याला जे निवांत करतं ते तगर मांजराला चढतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मांजरांचा डबा वेगळा झाला, त्यात तगर नाही. आणि ही चूक तो येणाऱ्या प्रत्येकाला आपणहून सांगायचा. मी म्हटलं, कशाला आपलीच अब्रू वेशीवर टांगतोस? तर म्हणे, मांजरं लोकांची आहेत. मला ते वेडेपणाचं वाटलं. मी माझी चूक कधी कुणाला सांगितलेली नव्हती. लाँचवर तांडेल चुकला असं खलाशांना कळलं की पुढच्या खेपेला कुणी ऐकत नाही, ही माझी समजूत.

माझा कुत्रा खंड्या. बाकी कशाला भ्यायचा नाही, पण ढोलाला भ्यायचा. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, अंगणात नाचवतात. देवीला तू येऊ नको असं सांगता येत नाही. एका वर्षी ढोल वाजला आणि खंड्यानं साखळी तोडली, पालखीखाली घुसला, खांदा दिलेला माणूस अडखळला. पालखी जमिनीला टेकता टेकता राहिली. गावानं काही म्हटलं नाही, पण बायकोनं सांगून टाकलं, पुढच्या शिमग्याच्या आधी हा कुत्रा माझ्या भावाकडे हेदवीला जाईल. मी मान हलवली. पण मला तो जायला नको होता.

शिमग्याला तीन आठवडे राहिले तेव्हा मनोहर पूड घेऊन आला. रोज संध्याकाळी भाकरीच्या तुकड्यातून द्यायची, आणि मग अर्धा तास त्याच्याजवळ बसायचं. बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही, नुसता हात त्याच्या छातीला लावून बसायचं. मोबाइलवर ढोल लावायचा, पहिल्या दिवशी ऐकू येईल न येईल इतका, मग रोज जरासा वाढवायचा. मनोहर स्वतः यायचा आणि अंगणाच्या दगडी गडग्यावर बसून बघायचा, त्यामुळे मला बसावं लागलं. पूड मात्र तो येण्याआधी मी रोज माडाच्या आळ्यात टाकत होतो. त्याच्या मुळीनं माझा कुत्रा सुधारला, असं मला कुणाकडून ऐकायचं नव्हतं.

पालखी आली. ढोल घुमला. खंड्या थरथरला, मग माझ्या पायावर हनुवटी टेकून पडून राहिला. पालखी नाचून गेली तरी उठला नाही. बायकोनं त्याला नारळाचा तुकडा टाकला आणि हेदवीचं नाव परत काढलं नाही.

मग मनोहर ज्याला त्याला सांगू लागला, तांडेलाचा खंड्या बघा जाऊन. फ्लॅटवाले गाडी घेऊन येत, कुत्र्याचा फोटो काढत, मला विचारत, पुडीनंच ना? मी हो म्हणायचो. पहिल्यांदा म्हणालो ते त्याचं ऐकलं नाही हे सांगायची लाज म्हणून. पुढे म्हणत राहिलो ते आधी खोटं बोललो होतो म्हणून. असे चार शिमगे गेले.

शेवटची भेट त्याच्या जाण्याआधी आठवड्याची. त्याला दम लागायचा, फारसं चालवत नव्हतं. मी म्हटलं, मन्या, खंड्याच्या पोटात तुझी पूड कधी गेलीच नाही, मी टाकून देत होतो. मला वाटलं तोंड फिरवील.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "तुझ्या माडाच्या आळ्यात रोज मांजरं लोळत होती."

मी ती मांजरं बघितली होती. बायको मासळी धुतलेलं पाणी तिथंच ओतते, त्याला आली असतील असं समजलो होतो. मी विचारलं, मग चार वर्षं बोलला का नाहीस?

"तेव्हा बोललो असतो तर तू कुत्र्याजवळून उठून गेला असतास. मग राहूनच गेलं." जरा थांबून म्हणाला, "पण लोकांना मी खंड्याचा दाखला द्यायला नको होता. तेवढी चूक माझी. ती तू सांग."

चहा आला, तो प्यालो आणि घरी आलो.

पुडीचा गुणच नव्हता असं मी म्हणत नाही. इतर कुत्र्यांना आला असेल, ज्यानं त्यानं आपला बघावा. माझ्या कुत्र्याच्या नावावर कुणी विश्वास ठेवू नये, एवढंच. गेल्या आठवड्यात पालीहून एका बाईंचा फोन आला. त्यांचा कुत्रा रस्त्यावरच्या ट्रकच्या हॉर्नला भिऊन दोन दिवस खात नव्हता. डॉक्टरांनी तपासून काही दुखणं नाही म्हणून सांगितलं होतं. माझा नंबर त्यांना मनोहरनंच कधीतरी दिला होता, तो गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, काका, तुमच्या कुत्र्याला पुडीनंच गुण आला ना?

मी नाही म्हटलं. सगळं सांगितलं, आळ्यासकट. बाई जरा तुटकच म्हणाल्या, "मग आता मी काय करू?"

बसायचं कसं ते मला फोनवर नीट सांगता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं पालीला गेलो. बाईंनी पाणी दिलं, आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. कुत्रा शिलाई मशीनखाली होता, भिंतीला चिकटून. मी चपला बाहेर काढल्या आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर फरशीवर बसलो.